हूं म्हणणारा

श्रावणातली भुरभुर चालू होती आणि भोरची एसटी काही केल्या येत नव्हती. हिर्डोशीच्या आरोग्य उपकेंद्रातली नर्स शेफाली थांब्यावर येरझाऱ्या घालत होती. सोबतच्या चंद्राबाईंना भोरला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. म्हातारीच्या रक्तदाबाने तिला जेरीस आणलं होतं. गोळ्या वेळेवर, मीठ कमी... तरी आकडा उतरायचं नाव घेत नव्हता.

तेवढ्यात दुधाचा टेम्पो थांबला. कॅन चढवायचे सोडून टेम्पोवाला हनुमंत म्हातारीशेजारी टेकला. ती गेल्या साली वारलेल्या नवऱ्याच्या गोष्टी सांगू लागली आणि हा प्रत्येक वाक्याला "हूं" म्हणत राहिला. मधेच "मग?", मधेच "आन् तवा तुमी काय केलं?" तिकडच्या माणसांना हुंकार लागतोच, नाहीतर सांगणाऱ्याचा धागा तुटतो. आणि नवरा गेल्यापासून चंद्राबाईंच्या घरात हूं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

एसटी आलीच नाही. शेफालीने म्हातारीला उपकेंद्रात परत आणून, शांत बसवून दाब मोजला. आकडा बराच उतरला होता. यंत्र बिघडलं म्हणावं, तर दुसऱ्या दिवशीही तेच.

"केलंत काय तुम्ही?" तिने हनुमंतला गाठून विचारलं.

"म्या? काय बी न्हाई. ऐकलं फक्त." तो हसला, आणि त्या दिवसापासून शेफालीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

म्हातारीच्या गोळ्या चालू राहिल्या, जोडीला रोज सकाळी हनुमंतचा हुंकार. शेफालीही टेम्पोची वाट पाहू लागली. एकटी खोली, न लागणारी झोप, फोनवर कायम घाईत असणारी आई... नको नको म्हणता ती त्याला सगळं सांगून बसली. डोकेदुखी पळाली, दोन घास जास्त जाऊ लागले.

मग एकदा तिने पाहिलं, दुकानदाराच्या गुडघेदुखीलाही तो तितक्याच मायेने हूं म्हणत होता. तिच्या काळजात चर्र झालं. म्हणजे आपणही त्याच्या दुखणेकऱ्यांपैकीच एक! तिने थांब्यावर जाणं सोडलं. डोकं पुन्हा ठणकू लागलं. रागारागात पुण्याला बदली मागायचंही ठरवलं. वेडीला त्यालाच विचारावं एवढं काही सुचलं नाही.

आठवड्याने तो उपकेंद्रात हजर झाला. भांग पाडलेला, इस्त्रीचा शर्ट. झोप लागत नाही म्हणाला. तिने न बघताच त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"आता बोलायचं नाही. आकडा चढतो."

"तुमी यायच्या थांबलाय तवापास्नं चढलेलाच हाय."

"का? ऐकायला अख्खं गाव आहे की तुम्हाला."

त्याने मोकळ्या हाताने भांग विस्कटला. पत्र्यावर पाऊस टपटपत होता.

"सगळ्यांचं ऐकतो म्या, मॅडम. पन माजं कुनाला सांगावं असं कदी वाटलंच नव्हतं. तुमाला बगितलं, आन्... वाटाया लागलं. आता तुमी बदली मागताय म्हनं."

शेफालीचे कान तापले. इतके दिवस आपण फुकट जळत राहिलो, या विचाराने तिला रडू आणि हसू एकदमच आलं. तिने पट्टा सोडला, स्टूल त्याच्यासमोर ओढलं.

"मी कुठंही जात नाहीये. सांगा."

हनुमंतने तोंड उघडलं, मिटलं. गावभर ऐकत हिंडणाऱ्या त्या माणसाला बोलायचं कसं तेच ठाऊक नव्हतं.

"कुठनं सुरू करू?"

"माझ्यापासून," ती म्हणाली.