एकोणीस डॉलरची खोली

"खोली एकोणीस डॉलरची आणि रिसॉर्ट फी अडतीस?" काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून तो म्हणाला. "मग असं करा, नुसती फी घ्या आणि खोली राहू द्या तुमच्याकडेच."

रांगेत मागे कुणीतरी खुसखुसलं. मला हसायची मुभा नव्हती. ही वरची सक्तीची फी गोड आवाजात सांगायची आणि पाहुणा चिडला की आणखी गोड व्हायचं, हेच तर आम्हाला शिकवतात.

"त्यात पोहण्याचा तलाव आला, सर."

"कोरडा आहे. आत्ताच बघून आलो."

"व्यायामशाळा..."

"कुलूप."

"आणि... खोलीतून गावात कितीही फोन फुकट!"

"गावात मी कुणालाच ओळखत नाही हो." मग त्याची नजर माझ्या नावाच्या पट्टीवर आली. "म्हणजे... आत्तापर्यंत नव्हतो ओळखत, कोरीन."

बाई गं! किल्ली देताना मी नोंदीतलं त्याचं नाव दोनदा वाचलं.

त्याचं नाव एमेट. युमाहून इलीला निघाला होता, तिथल्या गुरांच्या कुरणांवर पवनचक्कीचे पंप दुरुस्त करायला. वाटेत आमच्या लाफ्लिनमध्ये खोली स्वस्त दिसली, म्हणून एका रात्रीपुरता थांबलेला. आमच्याकडे सगळे असेच फसतात.

थोड्या वेळाने काउंटरवरचा फोन वाजला.

"फी वसूल करतोय," पलीकडून तो.

"रिसेप्शनला फोन सगळीकडेच फुकट असतो, सर."

"असं? मग तर फारच परवडलं!"

दुसऱ्या दिवशी तो चेक-आउटला आला... आणि मुक्काम वाढवून गेला. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. शुक्रवार उजाडला तशी एकोणीसची खोली एकोणऐंशीवर गेली, तरी पठ्ठ्या पैसे भरून मोकळा! मला वाटायचं, मी भाव खातेय असं समजून थांबतोय हा. बरं, खरं काय ते सांगणार कसं? पाहुण्याबरोबर साधी कॉफीसुद्धा प्यायची नाही, असा हॉटेलचा कडक नियम. मागच्या वर्षी पाहुण्याबरोबर बसून कोळंबी खाल्ली म्हणून माझ्याबरोबरच्या डॉटीची नोकरी गेली होती. काउंटरवरचे फोन रेकॉर्ड होतात आणि आमच्या मॅनेजर प्रुएटबाई सदैव माझ्या खांद्यापाशी उभ्या.

तो पाहुणा होता तोवर माझं तोंड बंद. आणि पाहुणा नसला, की तो हायवेवर! आत जुगाराच्या मशिनांचा खणखणाट, बाहेर तापलेला वारा... गोंधळून एकाच गिऱ्हाइकाला तीनदा किल्ली दिली मी. तो जावा असंही वाटे, आणि गेला तर मी काय करू, असंही.

रविवारी तो आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"इलीच्या मालकाचा फोन होता. आज पोचलो नाही तर काम दुसऱ्याला." तो हळूच पुढे झुकला. "पण तू एकदा म्हण, कोरीन... अजून एक दिवस राहतो."

प्रुएटबाईंनी कान टवकारले.

"चेक-आउट करा, सर," मी म्हणाले.

"हाकलतेयस?"

"हो."

मग त्याने सही केली, किल्ली सरकवली आणि मागे वळूनही न बघता निघाला. मी सगळी नोंद पुरी केली. पाहुणा गेला, असं कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटलं, तशी काउंटरला वळसा घालून पळाले.

"कोरीन! अगं कोरीन!" प्रुएटबाई ओरडत राहिल्या.

त्याचा ट्रक सुरू झाला होता. मी खिडकीवर थाप मारली.

"आता काय? अजून एखादी फी राहिली?" तो कडवटपणे म्हणाला.

"आता तुम्ही आमचे पाहुणे नाही," मला धाप लागली होती. "म्हणून... आता बोलता येतं. पाहुण्याशी असलं काही... नोकरी जाते आमची."

त्याने इंजीन बंद केलं.

"म्हणजे... तुझ्याजवळ राहता यावं म्हणून मी इतके दिवस पैसे ओततोय, आणि तू—"

"आणि मी तू कधी जातोस याची वाट बघतेय, वेड्या! मला आवडतोस तू. पहिल्या दिवसापासून."

तो हसायलाच लागला. कपाळ स्टिअरिंगवर टेकून कितीतरी वेळ हसला, आणि मला रडू यायला लागलं. मग त्याने खिडकीतून हात काढून माझी बोटं धरली, घट्ट.

"इलीला जायलाच हवं मला. पण शुक्रवारी येतो. येऊ ना?"

"ये."

"उतरू कुठे?"

"कुठेही उतर," मी डोळे पुसत म्हणाले, "पण आमच्या हॉटेलात पाऊल टाकलंस तर बघ!"