कुंगूरहून चार-चाळीसची गाडी

कुंगूरच्या गुहेत बारा महिने बर्फ असतो.

ग्लेबच्या आईने चोवीस वर्षं लांब पल्ल्याच्या गाडीत प्रवाशांना चहा दिला.

पोसिकुंचिकी, म्हणजे आमच्याकडचे खिम्याचे छोटे तळलेले कानवले, खाताना आधी कोपरा कुरतडून आतला रस्सा ओढून घ्यायचा. नाहीतर तो समोरच्याच्या अंगावर.

देशात अकरा वेगवेगळ्या वेळा, पण रेल्वेत आजोबांच्या काळापासून एकच – मॉस्कोची. तिकिटावर चार-चाळीस असेल तर आम्ही उरलवाले मनात दोन तास मिळवायचो. पायात जोडे सरकवावेत तसे, न बघता.

१ ऑगस्ट २०१८ला हे बंद झालं. तिकिटावर आता ज्या गावात गाडीत चढायचं, त्या गावची वेळ.

फाइना अर्काद्येव्नांनी कामा नदीवरच्या बोटीसाठी निळा रेशमी पोशाख शिवून आणला होता.

मी रागीट नाही.

*

त्याच १ ऑगस्टच्या सकाळी मी फलाटावर उभी होते. एक माणूस शिडीवर चढून स्टेशनचं घड्याळ दोन तास पुढे करत होता. त्यूमेनची गाडी आली, तेवीस म्हातारे-म्हाताऱ्या उतरल्या – प्लायवूड कारखान्यातले निवृत्त – आणि त्यांच्यामागून त्यांचा सहलप्रमुख, ग्लेब. उंच, दाढी वाढलेली, डोळ्यांत झोप.

"गाईड कुठंय?" त्याने मलाच विचारलं.

"मीच. ताईसिया पेत्रोव्ना."

"तुम्ही? मला वाटलं कुणाची तरी भाची आत्याला न्यायला आलीय!"

तेवीसच्या तेवीस हसले. माझे कान तापले.

तिथून सुरू. चहाच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या घरासमोर मी बोलतेय, तर हा मागून – "चहाचं मला विचारा, मी चहाच्या वाफेत वाढलोय." चर्चपाशी मी सनावळी सांगितली, तर याने फोनमध्ये बघून ती तपासली. तपासली! बरोबर निघाली, तेव्हा भुवया उंचावून म्हणाला, "शाबास."

मी तीन वर्षं हे काम करतेय. शाबास म्हणे.

गुहेत शिरल्यावर त्याने आपलं जाकीट काढून माझ्या खांद्यांवर टाकलं. "कुडकुडताय."

"मी इथे रोज येते."

"म्हणजे रोज कुडकुडता?"

मी जाकीट परत त्याच्या अंगावर फेकलं. मग ठरल्याप्रमाणे एक मिनिट दिवे बंद केले. त्या मिट्ट काळोखात सगळे गप्प, कुठेतरी थेंब टपकत होता, आणि... तो अगदी जवळ उभा होता. धुराचा आणि सफरचंदाचा वास. मला याचाही राग आला.

जेवताना त्याने हात उंचावून सांगितलं, "मंडळी, तिकिटावर चार-चाळीस. म्हणजे आपले सहा-चाळीस. भरपूर वेळ आहे. पर्मला सव्वाआठला, नऊला बोटीत, कामा नदीवर सूर्यास्त!"

मी चमचा खाली ठेवला. "ग्लेब, गाडी आजपासून–"

"ताईसिया पेत्रोव्ना," तो हसून म्हणाला, "चर्च तुमचं, गुहा तुमची. रेल्वेचं मला नका शिकवू. माझा पाळणा डब्यात टांगलेला होता."

पुन्हा हशा. गटातल्या फाइना अर्काद्येव्ना तर हसून डोळे पुसत होत्या.

बरं. मी तोंड मिटलं. तोंडावर आपट, म्हटलं. सगळ्यांदेखत.

तेवढ्यात त्याने पोसिकुंचिकीला मधोमध चावा घेतला आणि रस्सा थेट माझ्या पांढऱ्या शर्टावर!

"आता हे पण माझंच चुकलं?" तो.

"तुम्ही त्यूमेनमध्ये तोंडाने खाता ना?" मी.

तो लाल झाला. पहिल्यांदाच. मिठाचं भांडं घेऊन धावत आला, डागावर मीठ चोळायला हात पुढे केला आणि मध्येच थांबला, कारण डाग कुठे होता ते त्याच्या तेव्हा लक्षात आलं. मीठ माझ्या तळहातावर ओतून तो खिडकीबाहेर बघत बसला.

*

तीन वाजता आम्ही सिल्वा नदीच्या पुलावर होतो. गट आइस्क्रीम खात होता. ग्लेब माझ्याशेजारी कठड्याला टेकला.

"सकाळपासून मी गाढवासारखा वागतोय, नाही?"

"गाढवं बरी असतात."

"सुंदर बाई समोर आली की मी असाच होतो. उपाय सापडला नाही."

मला हसू आलं. दाबता दाबता फुटलंच.

सव्वातीन. अजून सांगता आलं असतं. साडेतीन... चार. तो आईबद्दल बोलत होता. रात्री ती त्याला चहाच्या बंबाशेजारी झोपवायची म्हणे. मी ऐकत होते. चारपर्यंत मी गप्प होते ती रागाने, असं मला स्वतःला सांगता आलं असतं. ते खोटं होतं. तो चार-चाळीसला जायला नको होता, बस.

*

सहाला स्टेशनवर पोचलो. फलाट रिकामा.

"चार-चाळीसची? वेळेवर गेली," तिकीटखिडकीतली बाई म्हणाली. "बातम्या बघत नाही का? पुढची लोकल सात-पन्नासला. पर्मला दहाच्या सुमारास."

बोट साडेनऊला सुटणार होती.

मग जो गलका उठला! "याच्या भरवशावर आलो!" "पाळणा म्हणे डब्यात!" ग्लेब खाली मान घालून उभा. "चूक माझी आहे. फक्त माझी."

"नाही," मी म्हणाले. "मला सकाळपासून माहीत होतं."

गलका थांबला. ग्लेबने वर पाहिलं.

"काय?"

"जेवताना तू हसलास म्हणून गप्प बसले. नंतर... पुलावर... तू जाऊ नयेस म्हणून."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बाजूला बोलावून कानात सांगायचं होतंस! थोबाडीत मारायची होतीस! फाइना अर्काद्येव्नांना त्यांचा नवरा कामा नदीवरच्या बोटीतच भेटला होता. बावन्न वर्षांपूर्वी. तो आता नाही. त्या एवढ्यासाठी आल्या होत्या, ताईसिया. तुझी गुहा बघायला नाही."



फाइना अर्काद्येव्ना पिशवी घेऊन बाथरूममध्ये गेल्या. बाहेर आल्या त्या निळ्या रेशमी पोशाखात. आमच्या दोघांकडे न बघता लोकलच्या बाकावर ताठ बसल्या.

मला त्या गाडीत चढायची गरज नव्हती. चढले. ग्लेब दारापाशी उभा होता.

"कशाला आलीस?"

"उरलेल्या शिव्या खायला."

"खूप आहेत."

"वेळ आहे."

खिडकीतून बर्चची झाडं मागे पळत होती.

"मी तुला माफ करत नाहीये," तो म्हणाला.

"करू नकोस."

"पुलावर ठरवलं होतं, गाडीत चढण्याआधी तुझा नंबर मागायचा. तेही तू नासवलंस. आता माणसाने एवढ्या रागात नंबर मागायचा कसा?"

"रागातच माग."

त्याने माझ्याकडे न बघता फोन पुढे केला. एक आकडा चुकला, मी पुन्हा टाकला.

"मी फोन करीन तो भांडायला," तो म्हणाला.

"कर."

त्या हिवाळ्यात ग्लेब नऊ वेळा कुंगूरला आला. एकदाही गट बरोबर नव्हता.