विलारू म्हणजे थांब

स्वतःच्याच चष्म्यावर बसणं ही काही सोपी गोष्ट नाही, पण लेखिकेला ती जमली. खुर्चीवर चष्मा तिनेच ठेवला होता आणि बसलीही तीच. घरात दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून एका ढगाळ सकाळी पाट्या अंदाजाने वाचत ती कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानापाशी आली आणि बंद काचेच्या दारावर दणकन आपटली.

"अहो, दार ओढायचं, ढकलायचं नाही!" आतून आवाज आला. "लागलं का?"

"दाराला विचारा," ती कपाळ चोळत म्हणाली.

तो हसला. दिसत काहीच नव्हतं. एक निळा शर्ट आणि वर धूसर डोकं, एवढंच. पण हसू ऐकायला बरं वाटलं. तीन दिवसांत तिच्याशी समोरासमोर कुणी बोललंसुद्धा नव्हतं.

चष्मेवाल्याने तिच्या चष्म्याचे अवशेष हातात घेतले. "याच्यावर काय हत्ती बसला होता?"

"मी बसले होते."

"अरे... म्हणजे... फ्रेम फारच नाजूक होती हो."

ती खुदकन हसली आणि तेवढ्यात तिला काउंटरवर एक हिरवा चौकोन दिसला. डोळे मिटूनसुद्धा तिने तो हिरवा रंग ओळखला असता. ते तिचं पुस्तक होतं.

लेखिका अद्भुतकथा लिहायची. मेणाचे डोंगर, वितळणारे किल्ले, डोंगरात राहणारी माणसं आणि त्यांची तिने घडवलेली आख्खी भाषा. प्रकाशकांनी नाकं मुरडली, तेव्हापासून सगळा कारभार तिच्या एकटीचा. लिहायचं तिने, पानं लावायची तिने, प्रुफं तपासायची तिने, पार्सलं बांधायचीही तिनेच. टोपणनाव घेतलं होतं, फोटो कुठे दिला नव्हता. वाचक म्हणजे तिच्यासाठी तीनशे चाळीस ईमेल पत्ते. त्यातला एक हाडामांसाचा वाचक असा समोर उभा राहील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"कसं आहे हो हे पुस्तक?" तिने जमेल तितक्या सहज विचारलं.

"तिसऱ्यांदा वाचतोय. लेखिकेला घोड्यांमधलं ओ की ठो कळत नाही, घोडा एका पानावर डाव्या पायाने लंगडतो अन् पुढच्या पानावर उजव्या. पण बाकी... बाकी काय सांगू तुम्हाला!" त्याचा आवाज एकदम हळू झाला. "तो वेशीवरचा प्रसंग. राणी शिपायाला एकच शब्द म्हणते, विलारू. आणि गडी थांबतो. किती सोपं असतं ना कधीकधी? कुणीतरी थांब म्हणायचं, की झालं."

लेखिकेच्या कपाळावर आठी पडली. सोपं? तो प्रसंग लिहिताना तिला दोन महिने लागले होते! राणी म्हणते निघून जा, आणि शिपायाला तिच्या डोळ्यांत वेगळंच दिसतं म्हणून तो जात नाही. या माणसाने तीनदा काय वाचलं मग? पण हे सांगायचं तर आपण कोण तेही सांगावं लागलं असतं. तिने जीभ आवरली.

"मीही वाचलंय," एवढंच ती म्हणाली.

"काय सांगता!" आणि जुन्या शाबूत काचा नव्या फ्रेममध्ये बसवून त्याने नवा चष्मा तिच्या नाकावर चढवला.

आता तो दिसला. कानांपाशी थोडे पिकलेले केस, थकलेले आणि तरी खट्याळ डोळे... आणि ते डोळे तिच्याकडेच बघत होते. चष्मा नीट बसलाय का, हे पाहायला खरं तर इतका वेळ लागत नाही.

पुढच्या महिन्याभरात त्या नव्या चष्म्याचा स्क्रू पाच वेळा सैल झाला. आपोआप नव्हे. लेखिका घरी बसून टाचणीच्या टोकाने तो सैल करायची आणि भोळा चेहरा करून दुकानात जायची. चष्मेवालाही काही दूधखुळा नव्हता. दोन मिनिटांच्या कामाला तो अर्धा तास लावायचा, आणि तेवढ्या वेळात मेणाच्या डोंगरांतल्या सगळ्या भानगडी बोलून व्हायच्या. आई गेल्यापासून तो दुपारचा डबा दुकानातच खायचा आणि डब्यासमोर पुस्तक उघडं ठेवायचा.

"लेखिकेचं पत्र येतं बरं का मला ईमेलवर, महिन्याच्या पहिल्या रविवारी," एकदा तो म्हणाला. "नव्या पुस्तकाची बातमी, कोडी, स्पर्धा. मागे राक्षसांना नावं सुचवा म्हणाली होती, तर निम्म्या लोकांनी सासूचं नाव पाठवलं म्हणे! आणि तिची ती मांजर, मित्रमंडळी, रोज कुणी ना कुणी चहाला. किती मजेत राहते ती बाई!"

"तुम्ही उत्तर लिहिता तिला?"

"छे! एवढा गोतावळा तिचा. माझं पत्र वाचायला तिला कुठे सवड?"

लेखिका मान खाली घालून चष्मा पुसत राहिली. मांजर नव्हती. मित्रमंडळी नव्हती. चहा होता, एका कपाचा. रडकं पत्र कोण वाचणार, म्हणून तिने पहिल्याच पत्रात एक मांजर घातली होती. मग मांजरीपाठोपाठ माणसं आली आणि पत्रातलं घर भरून गेलं. त्या भरल्या घराला बुजून हा माणूस दोन ओळी लिहीत नव्हता, आणि इथे ती दर पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत ईमेल उघडून बसायची. आपल्याच हाताने केलेलं, सांगणार कुणाला?

ताईला मात्र सगळं ठाऊक होतं. ताई दूरच्या शहरात राहायची आणि फोनवर रोज तेच ऐकवायची. "भिंतींशी बोलत किती दिवस काढणार आहेस गं? इकडे ये. मागची खोली रिकामी आहे. लिहायचं ते इथे लिही." अखेर लेखिका हो म्हणाली. शुक्रवारचं तिकीट काढलं, घरमालकाला कळवलं. पण मन दुकानात अडकलं होतं. तो राहा म्हणाला तर राहायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. एवढं एकच माणूस तर होतं या गावात तिच्या ओळखीचं.

मंगळवारी ती गेली. या वेळी स्क्रू घट्ट होता.

"शुक्रवारी मी जातेय. ताईकडे... कायमची."

त्याच्या हातातली काच तशीच राहिली. मग तिच्याकडे न बघता, कान लाल करून, हळूच म्हणाला, "विलारू."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"विलारू," तो पुन्हा म्हणाला. या वेळी त्याने तिच्याकडे पाहिलंही.

निघून जा. तिने स्वतः घडवलेला शब्द, तिच्याच तोंडावर. पुस्तकाच्या शेवटी शब्दकोश होता, अर्थ त्याला ठाऊक असणारच. "बरं," ती म्हणाली आणि दार एकदा ओढून, मग ढकलून बाहेर पडली. रस्ता नव्या चष्म्यातूनही धूसर दिसत होता.

दोन दिवस तिने खोकी भरली. रडू येईल असं वाटत होतं, तेही येईना. गुरुवारी दुपारी संगणक गुंडाळून ठेवण्याआधी तिने शेवटचं ईमेल उघडलं. रविवारच्या पत्रात तिने 'चूक दाखवा' स्पर्धा लावली होती आणि एका निवृत्त शिक्षिकेचं उत्तर आलं होतं.

"चि. लेखिका, तुझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत शेवटचा शब्दकोश पाहा. विलारू आणि विसारू यांच्या अर्थांची अदलाबदल झाली आहे. 'विलारू म्हणजे थांब' असं छापलं आहेस! पहिल्या आवृत्तीत बरोबर होतं. मुली, प्रुफं एकटीने तपासू नयेत. दुसरं माणूस लागतं."

लेखिकेने खोकं फाडून पुस्तक काढलं. शेवटचं पान. विलारू – थांब. तापाने फणफणलेली असताना एका दुपारी तिने ती पानं लावली होती. चष्मेवाल्याने तीनदा वाचलं होतं, आणि तीनदा बरोबरच वाचलं होतं.

ती तशीच घरातल्या चपलांवर धावत सुटली.

दुकानात एक आजोबा तपासणीची जड फ्रेम नाकावर घेऊन खुर्चीत बसले होते. चष्मेवाला त्यात काच घालत होता. तिला पाहून त्याच्या हातातून काच निसटली.

"तुम्ही... निघालात?"

"उद्या आहे गाडी. ऐका... विलारू म्हणजे निघून जा. शब्दकोशात चूक आहे. ती मी केलीय." तिला धाप लागली होती. "ते पुस्तक माझं आहे. आणि मांजर नाहीये. चहाला कुणी येत नाही. ते सगळं पत्रापुरतं. घरी मी एकटीच असते."

त्याने एकदा काउंटरवरच्या पुस्तकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि चेहरा उतरला. "म्हणजे मी तुम्हाला... जा म्हणालो?"

"दोनदा."

"अहो, पण मग तो शिपाई? त्याला तर जा म्हटलं आणि तो गेला नाही!"

"तो पुस्तकातला होता. मला खरंच वाटलं."

तो काउंटरच्या बाहेर आला. त्याने शर्टाच्या टोकाने हात पुसले. "आता साधं सांगतो. जाऊ नका." आणि मग, आवाज अगदी खाली आणून, "जाऊ नकोस."

दोन दिवस रुसलेलं रडू नेमकं आत्ता यायचं होतं.

"बाई," खुर्चीतून आजोबा म्हणाले, "मला दिसत काही नाही, पण ऐकू चांगलं येतं. तो बिचारा ताटकळलाय. काय ते सांगून टाका."

"नाही जात," ती म्हणाली. आपण हे मोठ्याने बोललो की मनातल्या मनात, हे तिला नक्की कळेना. एकटं राहून राहून तसं होतं. म्हणून तिने त्याची बाही धरली आणि पुन्हा एकदा म्हणाली, "नाही जात."