सांजहाकेनंतरची शांतता

आमच्या रेडिओ केंद्राचा टॉवर कुणकेश्वरच्या अलीकडे, काजूच्या बागेत आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी तिथे लागले, तेव्हा जुने निवेदक गुरुदासकाका निवृत्त होत होते. सूर्य बुडताना ते 'सांजहाक' द्यायचे. समुद्रात असलेल्या होड्यांची नावं घ्यायची, प्रत्येकीला "घराक ये गो" म्हणायचं आणि शेवटच्या नावानंतर माइक चालू ठेवून बराच वेळ गप्प बसायचं.

नव्या समितीने गाणी आणि जाहिराती आणल्या. नावं मी भराभर वाचायची, असं ठरलं. ती शांतता मात्र मीच काढली. आवाज थांबला की सॉफ्टवेअर आपोआप गाणं लावायचं. आमच्या कामात शांतता म्हणजे बिघाड.

श्रोत्यांचे व्हॉइस मेसेज येऊ लागले. "गाणी बरी आसत गो, पण म्हातारी नाचूक लागता नि भात करपता!" मी हसले. मग लक्षात आलं, जवळजवळ प्रत्येकजण शेवटी एकच विचारतो: "ती गप्प जागा खंय गेली?"

मासे विकणाऱ्या मथुराकाकी तर टोपली घेऊन केंद्रावरच आल्या.

"काय व्हयी ता लाव. गप्प रवाची जागा तेवडी दी."

"कोणासाठी, काकी?"

"ज्यांचा नाव कोण घेणा नाय, तेंच्यासाठी. तेंका जागा नाय गावली तर ते दुसऱ्याच्या नावार येतत." मग त्यांनी सहज विचारलं, "तुझो भाव खंय आसा?"

"माझा भाऊ? प्रीतम दर्यात गेलाय."

त्या टोपली उचलून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मी नावं वाचली. शेवटचं नाव 'नवलाई', प्रीतमची होडी. तो एकटाच जातो. नाव संपताच गाणं सुरू झालं.

घरी पोहोचले तर 'नवलाई' किनाऱ्यावर ओढलेली होती. प्रीतम पायरीवर बसून जाळं दुरुस्त करत होता. एरवी तो लांबूनच ओरडतो, "इली गो आकाशवाणी!" आज नुसता बघत राहिला.

"दमलोहा तो," आई म्हणाली. मग वाकून जाळं पाहत राहिली. "ही गाठ तुका कोणी शिकवली रे? माजो आजो घाली अशी."

त्याने तशीच दुसरी गाठ घातली.

इतक्यात माझ्याजवळच्या केंद्राच्या फोनवर मेसेज आला. प्रीतमच्या नंबरावरून. मी आत जाऊन फोन कानाला लावला.

वारा. फळ्यांवर आपटणारं पाणी. मग त्याचा आवाज.

"गो आकाशवाणी, 'नवलाई'चा नाव परत घे. तुझी हाक ऐकान वळलंय, पण माझ्याआधी कोणतरी गेलो. आता किनारो दिसणा नाय."

दर्यात नेटवर्क जातं, मेसेज उशिरा पोहोचतात. हे मला ठाऊक आहे. तरी मी केंद्राची चावी उचलली.

पायरी ओलांडताना तो मान वर न करता म्हणाला, "खंय चाललंस, बाय?"

"केंद्रावर. नाव परत घ्यायचंय. नंतरची शांतता राहिली."

त्याने गाठ आवळली.

"रवांदे," तो म्हणाला. "गाणीच बरी आसत."