संदर्भाची खुर्ची

"नाव?"

"माझं की हिचं?"

"दोघांचं सांगा."

"मी यशोधन खिलारे. ही भाकरी."

एका कानाच्या त्या गावठी कुत्रीला बाहेर व्हरांड्यात नेण्यात आलं. डॉ. नलिनी सबनीस यांनी यशोधनच्या मनगटावर नाडीपट्टी बांधली, दुसरी स्वतःच्या मनगटावर बांधली आणि त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. नाशिकच्या आधारप्राणी परीक्षण प्रयोगशाळेत त्या खुर्चीला सगळे 'संदर्भाची खुर्ची' म्हणत. आठ वर्षं त्यांच्याशिवाय तिथे कोणी बसलं नव्हतं.

प्राणी न चालणाऱ्या सोसायटीतही भाडेकरूला प्राणी ठेवता येई. मात्र त्याच्या मनाचा तोल त्या प्राण्यावर टिकून आहे, असं सांगणारं आधारपत्र त्याच्याकडे हवं. सुरुवातीला ही पत्रं ऑनलाइन, घरबसल्या विकत मिळायची. मग सोसायट्या कोर्टात गेल्या आणि पत्राआधी मापन सक्तीचं झालं. नाडी, श्वास आणि घाम यांवरून शरीरातला ताण एका आकड्यात मांडला जाई. तो ताणांक. प्राणी जवळ आल्यावर ताणांक पंधराने उतरला, तर पत्र मिळे.

यशोधन रुग्णवाहिका चालवायचा. गेल्या वर्षी घाटातल्या कोंडीत त्याच्या गाडीतलं एक लहान मूल दगावलं. तेव्हापासून तो झोपेतून गुदमरून उठायचा. भाकरी छातीवर डोकं टेकवायची, तेव्हा कुठे त्याला श्वास सापडायचा.

भाकरीला आत आणलं. ती डॉ. सबनीसांच्या पायांना घासून पुढे गेली आणि यशोधनच्या मांडीवर चढली. थोड्या वेळाने पडद्यावर निकाल उमटला.

"नऊ," डॉ. सबनीस म्हणाल्या. "सॉरी."

"मॅडम, रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. मालक म्हणालेत, कुत्री तरी जाईल नाहीतर तू तरी." त्याचा आवाज चढला नाही. "मशीन एकदा बघता का?"

"मशीन बघायलाच आलोय मी," कोपऱ्यातून डॉ. इलियास मुजावर म्हणाले. हे उपकरण त्यांनीच बनवलं होतं. दर सहा महिन्यांनी ते पुण्याहून तपासणीला येत. "परत घेऊ. या वेळी संदर्भाला मी बसतो."

"तुम्ही? कुत्र्याला बघून जिना चढणारे?"

"विज्ञानासाठी बसतो, मॅडम."

भाकरीला बाहेर नेऊन पुन्हा आत आणलं. या वेळी आकडा आला एकतीस. यशोधन खुर्चीतून अर्धा उठला. डॉ. सबनीसांनी हाताने त्याला थांबवलं.

"आनंद मानू नका एवढ्यात. माझ्या आणि तुमच्या पट्ट्यांची वजाबाकी होते, हे माहीत आहे ना तुम्हाला? खोली तापली, बाहेर हॉर्न वाजला, तर दोघांचाही ताण बदलतो. तो बदल प्राण्यामुळे नसतो. म्हणून समोरच्याचा बदल तुमच्या बदलातून वजा करायचा. उरेल ते प्राण्याचं. आता हे मुजावर भाकरीला घाबरले. त्यांचा ताणांक दहाने चढला, तो तुमच्या खाती जमा झाला. हा निकाल चालणार नाही."

"बरोबर," मुजावर म्हणाले. ते पडद्याकडे पाहत होते. "पण मॅडम, यांचा स्वतःचा ताणांक दोन्ही वेळा एकवीसनेच उतरलाय. माझ्या वेळी एकवीस अधिक दहा. मग तुमच्या वेळी नऊ कसे?"

मुजावरांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"एकवीसमधून बारा गेले. ते बारा कोणाचे?"

"यंत्राचा दोष असेल."

"मग तेच तपासू. तुम्ही शेजारच्या खोलीत बसा. तीच हवा, तोच आवाज, फक्त कुत्री दिसणार नाही."

तिसऱ्यांदा आकडा आला वीस. शेजारच्या खोलीत डॉ. सबनीसांचा ताणांक जेमतेम एकने उतरला होता.

त्या परत आल्या तेव्हा मुजावरांनी पहिल्या वेळचा आलेख लावून ठेवला होता. भाकरी दारातून आत आली त्याच क्षणी डॉ. सबनीसांची रेषा खाली झुकली होती. कुत्री पायांना घासून गेली तिथे ती आणखी उतरली होती.

"पण माझ्या घरी साधी मांजरसुद्धा नाही, मुजावर. संदर्भाच्या माणसाने प्राणी पाळायचा नाही, हा तुमचाच नियम."

"हो. प्राण्यांशी काही देणंघेणं नसलेलं माणूस हवं होतं मला." मुजावरांनी चष्मा काढला. "आठ वर्षं तुम्ही रिकाम्या घरी जाता आणि दिवसभर या खोलीत कोणाचं ना कोणाचं जनावर येऊन तुम्हालाही शांत करतं. माझाच नियम तुम्हाला त्या खुर्चीसाठी नालायक करत गेला. दुसरं कोणी बसलं असतं तरी हेच झालं असतं."

दरवर्षी नकार वाढत होते. खोटे अर्ज नेमके पकडल्याबद्दल वरून कौतुकाची पत्रं येत होती.

डॉ. सबनीसांनी यशोधनच्या आधारपत्रावर सही केली. त्याने ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि भाकरीचा पट्टा हातात घेतला. दाराशी भाकरी थांबली, मागे वळली. यशोधनने तिला हलकेच ओढलं.

"जुने निकाल काढा," डॉ. सबनीस म्हणाल्या. "माझी वजाबाकी काढून टाका."

"सगळे?"

"आधी गुर्जरांचा."

मागच्या महिन्यात गुर्जर आजोबा आले होते. त्यांच्या करड्या मांजरीने संदर्भाच्या खुर्चीखाली एक फेरी मारली होती. त्या दुपारी आपल्याला फार शांत वाटलं होतं, हे डॉ. सबनीसांना आठवत होतं. आकडा आला होता अकरा. आजोबा मांजरीची टोपली उचलून गेले होते.

मुजावरांनी नवा आकडा सांगितला. डॉ. सबनीसांनी फोन लावला.

"आजोबा, प्रयोगशाळेतून सबनीस बोलतेय. आमची चूक झाली. तुम्हाला पत्र मिळतंय. मांजर आहे ना घरी?"

पलीकडे टीव्ही बंद झाला.

"मुलाने सोडली तिला, गंगापूरच्या बाजूला. दोनदा जाऊन आलो शोधायला. हाका मारल्या. खरा आकडा किती होता, बाई?"

"तेवीस."

"मला माहीत होतं. मशीनला विचारायला आलोच नव्हतो मी. सोसायटीला दाखवायला कागद हवा होता."

फोन बंद झाला. मुजावर पुढचं नाव काढायला बाहेरच्या संगणकाकडे गेले.

डॉ. सबनीसांच्या मनगटावरची पट्टी सोडायची राहून गेली होती. पडद्यावर त्यांचा ताणांक एकेक करून चढत होता. त्यातून काही वजा करायला आता खोलीत दुसरं कोणीच नव्हतं.