तिसरा ठोका

मढच्या किनाऱ्यावर चेनचा ट्रॅक्टर एकच, मंजुळाचा. चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारं ते जुनं धूड वाळूत रुतत नसे. होड्या पाण्यात ढकलायच्या आणि परत आल्या की वर ओढायच्या, एवढंच त्याचं काम. तोंड कायम समुद्राकडे. म्हणून मंजुळाच्या नवऱ्याने, चंदरने, दिशा बदलायच्या दांडीशेजारी छिन्नीने दोन शब्द कोरले होते. पुढे ‘दर्या’, मागे ‘घर’.

सहदेव मिस्त्री नऊ वर्षांनी त्या दांडीसमोर उभा होता. माणूस पक्का हिशोबी डोक्याचा. देवाला हात जोडायचा तेही उगाच घरात वाद नको म्हणून. पण मढचं नाव निघालं की त्याचे पाय जड व्हायचे.

नऊ वर्षांपूर्वी मंजुळाचा फोन आला होता, “दादा, घर लागत नाय. दांडी निसटते.” सहदेव म्हणाला होता, “उद्या बघू.” दुसऱ्या दिवशी त्याला मालाडला दुसरं काम निघालं. त्याच दुपारी चंदरची होडी परतली. ट्रॅक्टर तिला ओढेना, म्हणून ती पाण्यातच नांगरली. राखणीला चंदर आणि खलाशी गुणाजी होडीवर राहिले. वादळ आलं. ना होडी सापडली, ना माणसं. गुणाजी सहदेवचा धाकटा भाऊ. त्याला या कामाला लावला होता तोही सहदेवनेच. गावी आईने अजून त्याचं दिवसकार्य करू दिलेलं नाही. सहदेव ‘उद्या’ हा शब्द तेव्हापासून उच्चारत नसे.

“मग आताच कशाला बोलावलंत, वहिनी?”

“हल्ली रोज सकाळी दांडी घरावर पडलेली असते,” मंजुळा म्हणाली. “मी दर्यावर करून ठेवते. दुसऱ्या दिवशी परत घरावर.”

“दांडी अडकवणाऱ्या खटक्याची स्प्रिंग गेली असेल.”

“असेल ना. तूच बघ.”

त्याने गिअरबॉक्सच्या झाकणाचे बोल्ट काढले. दर्याच्या बाजूचे दाते शाबूत होते, घराच्या बाजूचे झिजून गोल झालेले. त्यात नवल नव्हतं. ढकलायला जोर लागत नाही. झिजतं ते घराकडे ओढणारंच. पण नऊ वर्षं उभ्या यंत्रात ते दाते गंजायला हवे होते. ते लखलखत होते. तेलात ताजा लोखंडी कीस तरंगत होता.

“हा चालवता काय तुम्ही?”

“बॅटरीच नाय त्याच्यात.”

सहदेव कामाला लागला. साकीनाक्याला नवं गिअर कापून घेतलं, गिअर सरकवणाऱ्या झिजलेल्या काट्यावर वेल्डिंगचा भर देऊन तो कानशीने घासला, स्प्रिंग बदलली. चौथ्या दिवशी दुपारी झाकण बसवलं, बारा बोल्ट आवळले आणि मालाडहून आणलेली बॅटरी जोडली. मंजुळा सीटवर चढली. पूर्वीही तीच चालवायची.

ओढताना चालवणाऱ्याची मान मागे, घराकडे. होडी त्याला दिसत नाही. म्हणून होडी कोरड्या वाळूवर आली की खलाशाने होडीच्या तोंडावर दांडक्याने दोन ठोके द्यायचे, की थांबायचं. गुणाजी मात्र गंमत म्हणून वर तिसरा हलका ठोका द्यायचा. “दोनच मार रे मेल्या, वाजंत्री हायस काय?” मंजुळा ओरडायची, आणि तो रोज मारायचाच.

इंजिन सुरू झालं. मंजुळाने दांडी ‘घर’वर टाकली. गिअरचा आवाज ऐकायला सहदेव झाकणावर तळहात ठेवून बाजूने चालू लागला.

चार हातांवर इंजिनाचा सूर घोगरा झाला. लोखंडी पट्टे वाळू उपसू लागले. दोराला भरलेली होडी असावी तसं यंत्र कण्हत होतं.

सहदेवने पुढे पाहिलं. आकड्याला दोरसुद्धा नव्हता.

“वहिनी, बंद करा!”

“निसटतेय काय?”

“नाही.”

“मग गप चल.”

ती मान वळवून घराकडेच बघत होती. गालांवरून पाणी ओघळत होतं.

पंधरा हात. वीस.

पुढून, दर्याच्या बाजूने, ठक्. ठक्.

मंजुळाचा हात सवयीने दांडीवर गेला. ट्रॅक्टर थांबला. तिने इंजिन बंद केलं.

पाण्याच्या कडेपासून ट्रॅक्टरच्या तोंडापर्यंत वाळूत एक ओली, खोल चरी उमटली होती. होडीच्या तळाची असते तशीच.

“आले,” मंजुळा म्हणाली आणि पदर सारखा केला.

सहदेव हलला नाही. एवढ्या आशेने त्याने आयुष्यात कशाचीच वाट पाहिली नव्हती. दोन ठोके कुणीही देतो. चंदरसुद्धा.

“गुणग्या,” तो पुटपुटला, “तू आसस मा रे?”

लाटा आल्या, गेल्या.

तिसरा ठोका आला. हलकाच, खोडकर.

पण होडीच्या बाजूने नाही. त्याच्या तळहाताखालून, बारा बोल्ट आवळलेल्या झाकणाच्या आतून.