बोट ठेवलेला दगड

मत्स्यालयात दगडमाशाची टाकी साफ करायची एक ठरलेली पद्धत होती. हा मासा तळाशी दगडांत दगड होऊन बसतो आणि त्याच्या पाठीवरच्या काट्यांत जहाल विष असतं. म्हणून एकाने बाहेरून मासा हुडकायचा, काचेवर नेमकं तिथं बोट टेकवायचं आणि ‘आहे’ म्हणायचं. मगच दुसऱ्याने पाण्यात हात घालायचा. बोट काढायचं नाही, नाकावर माशी बसली तरी. अकरा दगड, एक मासा आणि दोन माणसं. नऊ वर्षं सगळं बिनबोभाट चाललं होतं.

माणसांपैकी एक मास्तर. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण समोर दिसेल त्याला समजावून सांगायची खोड होती. दुसरे पैलवान, अंगाने काडी.

पंधरा दिवसांपूर्वी मास्तरांनी बोट ठेवलं, ‘आहे’ म्हणाले, आणि पैलवानांनी हात घातला तो थेट काट्यांवर. तेही दुसऱ्याच कोपऱ्यात. जीव वाचला, पण डावा हात अजून सुजलेला होता आणि मुक्काम दवाखान्यातच होता.

तेव्हापासून मास्तरांच्या डोक्याचा भुगा झाला होता. साहेब म्हणत, “दगडावर बोट ठेवलं असं लिहून द्या आणि मिटवा.” फाटकावरचा रखवालदारसुद्धा चष्म्याचा नंबर विचारायचा. मास्तर घसा कोरडा करून सांगत, मी डोळा बघितलाय, तो माझ्याकडे बघत होता. ऐकतंय कोण!

म्हणजे मासे दोन असणार. आज टाकी रिकामी करायची परवानगी एकदाची मिळाली. एक मासा जाळीत आला. तो त्यांनी बादलीत सोडला, कल्ले हलताना पाहिले. मग एकेक दगड चिमट्याने काढून टेबलावर उन्हात मांडला. दोन तासांनी प्रत्येकावर काठी मारली.

टक्. टक्. ज्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं, तो पिवळ्या डागाचा दगडही टक्.

तेवढ्यात पैलवानांची बायको आली.

“सापडला दुसरा?”

“नाही, वहिनी.”

“भावजी, ह्यांना झोप नाही. मास्तर चुकणार नाही, मीच भलतीकडे हात घातला असेल, म्हणून स्वतःलाच बोल लावत बसतात. एकदा काय ते सांगून टाका ना.”

मास्तरांचा तोल गेला. त्यांनी पिवळ्या डागाचा दगड उचलून तिच्यासमोर आपटला. “हा घ्या! ह्याच्यावर बोट ठेवलं होतं मी. दगड आहे. चुकलो मी. झालं?”

बोलून गेल्यावर त्यांना लाज वाटली. वहिनींनी मात्र दगड शांतपणे कागदात गुंडाळून पिशवीत टाकला. “त्यांच्या हातातच देते. म्हणजे पटेल.”

मास्तरांनी साहेबांना दोन ओळी लिहून दिल्या. चरफडत टाकी भरली, उरलेले दहा दगड आपल्या हातांनी जागच्या जागी लावले. तासभर गेला. मग जाळी घेऊन ते बादलीपाशी आले.

मासा हलेना. कल्लेही हलेनात. त्यांनी काठीने ढोसलं.

टक्.

पुन्हा ढोसलं. टक्.

जाळीने वर काढला. दगड होता. त्याच्यावर पिवळा डाग होता.

वहिनींचा फोन नुसता वाजत राहिला. पैलवानांनी मात्र स्वतःचा उचलला.

“दिला रे तिनं. हातातच आहे. चालायचंच मास्तर, माणूस आहे, चुकतो.”

“खाली ठेव तो.”

“का? दगडच तर आहे.” पैलवान किती दिवसांनी हसले. “फक्त मला सांग, पाण्यातनं आत्ताच काढलास का? मघापासून पुसतोय, परत ओला होतोय.”